इंजिन नसलेली व्हॅन

"ही चालवून दाखवा, मॅडम! दाखवलीत तर आत्ता तुरुंगात जातो."

गॅरेजवाल्याने व्हॅनचं बॉनेट उघडलं. आत इंजिनच नव्हतं. ते पलीकडच्या बाकावर होतं आणि त्याचे सुटे भाग रॉकेलच्या ट्रेमध्ये भिजत पडले होते.

"सोमवारी उतरवलंय. आणि ती शिंपीण म्हणते, बुधवारी या गाडीने उडवलं!"

फौजदारबाईंचं डोकं सकाळपासूनच तापलं होतं. साहेबांनी फर्मावलं होतं, संध्याकाळपर्यंत पुरावा आणा, नाहीतर तक्रार खोटी म्हणून बंद करा. शिंपीण इस्पितळात होती. शिलाई मशीनच्या पायडलवर पाय मारून ती घर चालवत होती आणि आता तिचा उजवा पाय गुडघ्याखाली चेचला होता. वर लोक तिलाच खोटारडी म्हणत होते.

तिचा जबाब फौजदारबाईंना तोंडपाठ होता. "बुधवारी सकाळी बाजारात जीप पुढे गेली, म्हणून मी रस्ता ओलांडायला उतरले. नडग्यांना काहीतरी लागलं, तोंडावर आपटले. मग व्हॅन पायावरून गेली. तिचा आवाजच नव्हता हो! पण मागचा नंबर मी वाचला." दोन्ही नडग्यांवर एक सरळ आडवा वळ उमटला होता.

फौजदारबाई व्हॅनभोवती फिरल्या.

"रंग नवा दिसतोय."

"बुधवारीच दिलाय."

"कुठे?"

"इथेच. अजून कुठे?"

फरशीवर तेलाचे डाग होते, रंगाचा एक थेंब नव्हता. बाई पुढच्या बंपरखाली वाकल्या. तिथल्या हुकावरचा नवाकोरा रंग घासून लोखंड उघडं पडलं होतं.

"बाहेरची जीप कोणाची?"

"माझी. पण चालवतो मेकॅनिक. माझं लायसन्स तुमच्याच लोकांनी जप्त केलंय, दारूच्या केसमध्ये. मी कायदा पाळणारा माणूस आहे."

फौजदारबाईंनी मेकॅनिकला पुढे बोलावलं. गॅरेजमध्ये कामाला तो एकटाच होता.

"बुधवारी सकाळी जीप कुठे नेलीस?"

त्याने मालकाकडे पाहिलं.

"त्याच्याकडे काय बघतोस? माझ्याकडे बघ!"

"रंगवाल्याकडे. बाजारापलीकडे."

"जीपला काय बांधलं होतंस?"

गॅरेजवाला चुळबुळ करू लागला.

"मी सांगते," बाई म्हणाल्या. "इंजिन नाही, म्हणून व्हॅन दोराने ओढून नेलीत. रंग दिल्यावर तशीच परत आणलीत, म्हणून हुकावरचा रंग घासलाय. दोरावर लाल फडकं बांधायचीसुद्धा अक्कल नाही! जीप गेली म्हणून ती बिचारी मोकळ्या जागेत उतरली आणि दोराला अडकून पडली. नडग्यांवरचा वळ त्या दोराचा. इंजिनच नाही, तर आवाज येणार कुठून? आता राहिला एकच प्रश्न. ओढलेल्या गाडीचंही स्टिअरिंग कोणीतरी धरावं लागतं. मेकॅनिक होता जीपमध्ये. मग मागे कोण होतं?"

गॅरेजवाला उसळला. "अहो, नुसता बसलो होतो! स्टिअरिंग धरलं म्हणजे काय गाडी चालवली? इंजिन नाही तिथे लायसन्स कशाला लागतं?"

"गाडी वळवणारे हात तुझे होते ना? मग कायद्याने चालक तूच! लायसन्स जप्त असताना गाडी चालवलीस, बाईचा पाय चिरडलास आणि पळून गेलास."

"मी थांबणार कसा? ओढत हा होता!"

"मालक, मी ब्रेक दाबला होता!" मेकॅनिक ओरडला. "तुम्हीच मागून बोंबललात, 'बाई पडलीय, थांबू नको, चल!'"

फौजदारबाईंना गॅरेजवाल्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्यांनी मुठी आवळल्या, सोबतच्या हवालदाराला त्याला बेड्या घालायला सांगितलं आणि इस्पितळात फोन लावला.

"ताई, माणूस सापडला. तुमचा शब्दन् शब्द खरा होता."

पलीकडून बराच वेळ हुंदके ऐकू आले. मग शिंपिणीने विचारलं, "त्याला मी दिसले होते का हो?"

बाईंनी गॅरेजवाल्याकडे पाहिलं. त्याने तोंड फिरवलं.

"दिसला होतात."

"मग तेही लिहा," ती म्हणाली. "सगळ्यात आधी तेच लिहा."