तोंडदेखलं आमंत्रण

ही घटना खरी आहे. ज्याला पटत नाही त्याने खुशाल उठून जावं. मला कुणाची मनधरणी करायची नाही.

आणि हो, रात्र नव्हती. अमावास्या नव्हती. कुत्रंबित्रं काही रडत नव्हतं.

शनिवार होता. दुपारचे चार वाजले होते आणि बाहेर लख्ख ऊन होतं.

घडलं ते माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी, परदेशात. तिसरा मजला, दोन खोल्या, डावीकडचं दार.

आमची धाकटी म्हणजे गरीब गाय. आणि तिच्या पदरात पडलेले आमचे जावईबापू! लिफ्ट तपासायची नोकरी. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींत खालीवर करायचं, पण मिजास अशी, जणू ते शहर यांनीच बांधलंय. दर शनिवारी बायकोला नवं शहर दाखवायला न्यायचे आणि दिसेल त्याला नाक मुरडायचे. तळं पाहिलं, "हॅ! डबकं." किल्ला पाहिला, "हॅ! चार दगड."

माणसं भेटली की मात्र तोंडात साखर.

"या ना एकदा चहाला! आमचं घर तुमचंच समजा!"

पाठ वळली की लगेच, "कोण बोलावतंय या बावळटांना! तोंडदेखलं म्हणायचं असतं."

धाकटी मात्र खरंच वाट बघायची. तिने हौसेने सहा कपांचा सेट आणला होता. चार महिन्यांत त्यातले दोनच कप ओले झाले. रोज फोनवर एकच रडगाणं, "ताई, या घरात आम्हा दोघांशिवाय कुणाचा आवाजच नाही गं. एक माणूस यावं, बस."

"येते गं मी," मी म्हणायचे.

एका शनिवारी ते दोघं एक जुनं घर बघायला गेले. शंभर वर्षांपूर्वी तिथे एक शिंपीण राहायची. तिची खोली होती तशी जपून ठेवलेली. पायाने चालवायची शिलाई मशीन. कात्री. चष्मा. एक खुर्ची. पुढे आडवी दोरी.

तिथली राखणदार म्हातारी सांगत होती, "हिने सगळ्या वस्तीचे कपडे शिवले. न्यायला येणारा जो तो म्हणायचा, या हं आमच्याकडे. ही बिचारी खरंच जायची. दार कुणी उघडायचं नाही."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं.

जावईबापूंना हसू आलं. दोरीवरून वाकले, रिकाम्या खुर्चीला हात जोडले आणि म्हणाले, "बाई, आमच्याकडे या! पुढच्या शनिवारी, चार वाजता. तिसरा मजला, डावीकडचं दार. आमचं घर तुमचंच समजा!"

"अरे, कशाला थट्टा करतोस?" धाकटी कळवळली.

"अगं, मेलेलं माणूस काय चहाला येतं होय?"

म्हातारी हसली नाही. तिने खुर्चीकडे पाहिलं... मग धाकटीकडे.

"दार उघडा म्हणजे झालं," ती म्हणाली.

पुढचा शनिवार. चार वाजले.

बेल वाजली...

जावईबापू सोफ्यावर लोळत होते. "उठू नकोस. कुणीतरी काहीतरी विकायला आलं असेल. जाईल कंटाळून."

बेल पुन्हा वाजली. अगदी हळू... वाजवणाऱ्यालाच संकोच वाटत असावा तशी.

धाकटीला राहवेना. तिने दार उघडलं.

कुणी नव्हतं.

जिना रिकामा. लिफ्ट तळमजल्यावर. पावलांचा आवाजसुद्धा नाही.

तिने दार लावून घेतलं. दोघांनी चहा घेतला. संध्याकाळी ती कप विसळायला गेली...

तीन कप ओले होते.

सोमवारी सकाळी जावईबापूंनी कपाटातून कोट काढला. महिनाभर लोंबणारं बटण घट्ट बसलेलं होतं.

"वा! सुई धरायला कधी शिकलीस?"

"मी नाही लावलं," धाकटी म्हणाली. खोटं कशाला बोलेल? त्या घरात सुईच नव्हती.

त्यांनी बाहीत हात घातला...

हात बाहेर येईना.

बाहीचं तोंड शिवलेलं होतं. बारीक, एकसारखे टाके. दुसरीही तशीच. सगळ्या शर्टांच्या बाह्या शिवलेल्या. पॅंटचे पाय शिवलेले. खिसेसुद्धा.

धाकटीचा एकही कपडा बंद नव्हता. उलट तिच्या फाटक्या स्वेटरला सुरेख रफू केलेलं होतं.

जावईबापूंनी ब्लेडने टाके उसवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आणि रोज दुपारी चारला आतल्या खोलीतून आवाज...

खड... खड... खड...

पंधरा दिवसांत गडी गारद! ऑफिसातल्या कुणाच्यातरी घरी राहायला गेले. म्हणे कामाचा व्याप वाढलाय! एवढा शहराला नावं ठेवणारा माणूस, शेपूट घालून पळाला. मी पोट धरून हसले. खोटं कशाला सांगू?

धाकटी मात्र त्यांच्याबरोबर गेली नाही.

"ताई, आता घरात आवाज असतो," ती फोनवर म्हणाली. किती दिवसांनी तिचा स्वर असा हलका लागला होता! "मी चहा करते. दोन कप. दोन्ही रिकामे होतात."

माझं हसू आटलं.

"बाळा, सामान भर आणि इकडे निघून ये."

"तूच ये ना. चार महिने म्हणतेयस."

"येते गं," मी सवयीने म्हटलं.

तिच्या मागे मशीनचा आवाज चालू होता. तो थांबला...

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "त्या विचारतायत, खरंच येणार का?"

मी फोन ठेवून दिला.

गेल्या आठवड्यात पार्सल आलं. आत गरम कोट, तिकडच्या थंडीत घालायचा. बारीक, एकसारखे टाके. मी घालून पाहिला. खांद्याला, पोटाला, दंडाला, कुठेही एक बोट इकडचं तिकडे नाही. माझी मापं धाकटीलाही ठाऊक नाहीत. तिच्या लग्नात होते त्याच्या दुप्पट झालेय मी.

उजवा हात बाहेर आला.

डावा...

डावी बाही मनगटाशी शिवलेली होती.

तेवढ्यात धाकटीचा फोन. "कोट बसला ना, ताई? दुसरी बाही तू आल्यावर उघडणार म्हणाल्या त्या. शनिवारी चारला आम्ही दोघी वाट बघतोय."

मी "येते" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

जावईबापूंना मी एवढी नावं ठेवली. पण खरं सांगते, त्या चार महिन्यांत मी एकदाही जायचा विचार केला नव्हता.

कोट कपाटात ठेवलाय. कपाटाला कुलूप घातलंय. आज शुक्रवार आहे.