हौशीचं जास्तीचं हाड

पटो न पटो, हे माझ्याच घरात घडलं. मोखाड्याजवळ, पोशेऱ्याला. मागच्या साली, भात झोडून झाल्यावर.

माझी बायको हौशी तापानं गेली.

ती लहानपणापासून डाव्या पायानं लंगडायची. एकदा जव्हारला नेऊन तिच्या खुब्याच्या हाडांचा फोटो काढला होता. वाटीच्या कडेला हरभऱ्याएवढं एक सुटं हाड दिसलं.

"वाटी उथळ आहे, म्हणून लंगडते," डॉक्टर म्हणाले. "हे हाड मोडलेलं नाही. काहींना असतंच."

हौशी मला म्हणाली, "बघ, तुझ्यापेक्षा एक हाड जास्त आहे मला. नीट बोलत जा."

आमच्यात मेलेल्या माणसाच्या वस्तू घरात ठेवत नाहीत. तिची लुगडी, टोपली, कोयता... सगळं मसणात ठेवून आलो.

फोटो तेवढा राहिला. मला तो दवाखान्याचा कागद वाटला.

मग एका सांजेला घरात आवाज आला.

ठप्... सर्र.

एक पाय टेकायचा, दुसरा घासायचा. तिचंच चालणं.

मी थांबलो.

आवाजही थांबला...

माझी मुलगी योगिता चुलीपाशी भाकर थापत होती. तिचे हात तसेच राहिले.

"बा... तू आईसारखा का चालतोस?"

जव्हारला गेलो. डॉक्टर तेच. माझा फोटो उजेडाला धरून म्हणाले, "हे छोटं हाड काहींना असतंच."

"मला नव्हतं, साहेब."

मागे झाडावरून पडलो तेव्हाचा माझ्या खुब्याचा फोटो दाखवला. त्यात काही नव्हतं.

डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला.

हाड होतं...

गावात माघ्या भगत हे ऐकून भडकला. "तिची हाडं घरात ठेवलीस, ती जाईल कशी? जाळ तो फोटो. नाहीतर तुला घेऊन जाईल."

योगिता रडायला लागली. "जाळ ना, बा. आई गेली. आता तू नको जाऊ."

भर दुपारी फोटो घेऊन ओहोळावर गेलो. काडी ओढली. शेवटचं बघावं म्हणून फोटो उन्हात धरला...

खुबा तिचाच. उथळ वाटी तिचीच.

कडेचं हाड नव्हतं.

काडी बोटाला चटका देऊन विझली.

आता जाळायचं तरी काय?

"जाळलास?" योगितानं दारातच विचारलं.

मी हो म्हणालो.

त्या दिवसापासून ती निवांत झोपते. मला झोप नाही. खुबा दुखत नाही, तशी काही तक्रार नाही.

पण कुशीवर वळायचं मनात आलं की...

माझ्याआधी ते हाड वळतं.