नोरीनबाईंची दोन मतं

छत्री घेऊन हिंडणारा माणूस अस्टोरियासारख्या वादळी बंदरात एकतर नवखा असतो, नाहीतर वेडा. गोदीच्या फाटकाशी उभा असलेला तो तरुण आइलाला दोन्ही वाटला. नदीवरून असा काही वारा सुटला होता की छत्री केव्हाच उलटी झाली होती, आणि हा पठ्ठ्या ती सरळ करायच्या नादात काखेतले कागद भिजवत होता.

आइला नीमी एका बोटीवरून हे सगळं बघत होती. खांद्यावर वायरीचं भेंडोळं, कपाळावर ओल्या बटा. बोटींच्या विजेचं काम ती शिकत होती. सबंध गोदीत शिकाऊ मुली दोनच, त्यातली ही एक. त्यामुळे जीभ धारदार ठेवावीच लागायची.

"ओ छत्रीवाले! नदीत पडाल!"

"पडलो तर काढाल का?"

"छत्री काढू आधी. तुमचं नंतर बघू."

तो हसला. आणि हसला की त्याच्या उजव्या गालावर... जाऊ दे. आइलाने चटकन नजर वायरीकडे वळवली, एवढं मात्र खरं.

"मी मिकेल अराना. नोरीन टॅलबटबाईंसाठी मतं मागायला आलोय. कामगार आयुक्ताची निवडणूक—"

"माहीत आहे. मी काय दुधखुळी वाटले?"

"नाही हो. पण या निवडणुकीत मतपत्रिकेवर ना पक्ष, ना निशाणी. नुसती दोन नावं. लोक तिथवर येतात, डोकं खाजवतात आणि रकाना कोरा ठेवतात. म्हणून दारोदार फिरतोय."

"माझं मत बाईंनाच आहे," आइला म्हणाली. "त्या स्वतः लोखंडाचं जोडकाम करून वर आल्यात. आमच्यासारख्या शिकाऊ मुलींना अर्ध्यावर हाकलून देतात, ते थांबवीन म्हणाल्यात. माझी मैत्रीण तशीच घरी बसलीय. तेव्हा मला पटवू नका, वेळ फुकट जाईल."

"फुकट कसा?" तो म्हणाला. "मत मिळालं... आणि बोलायलाही मिळालं."

आगाऊ! आइला मनात म्हणाली. पण संध्याकाळी घरी आली तर हाच आगाऊ स्वयंपाकघरात बसून वेलदोड्याचा गोड पाव खात होता. हिल्माआत्याने माडीवरची खोली त्याला भाड्याने दिली होती.

"गुणी मुलगा आहे गं," आत्या कौतुकाने म्हणाली. "तिसऱ्यांदा वाढून घेतलंन."

उन्हाळा असा गेला की कळलं नाही. सुट्टीच्या दिवशी आइलाही त्याच्याबरोबर चढणीच्या गल्ल्यांतून दारं ठोठावायला जायची. मिकेल राज्याच्या पार पूर्वेकडचा, उघड्या माळावर मेंढरं राखणाऱ्या घरातला. धुक्यात वाट चुकायचा, धक्क्यावरचे समुद्रसिंह ओरडले की दचकायचा. पण चिकाटी? बाप रे! एक म्हातारा खलाशी दारातच म्हणाला, "माझ्या एका मताने काय होतंय?" झालं. मिकेलने तिथंच पायरीवर बैठक मारली. म्हाताऱ्याची कॉफी गार झाली, मासळी करपली, पण 'देतो बाबा, देतो' म्हणवून घेतल्याशिवाय गडी हलला नाही.

"एका मताला इतकं काय रे धरून बसतोस?" परतताना तिने विचारलं. एव्हाना 'तुम्ही' केव्हाच गळून पडलं होतं.

"आमच्याकडे कांद्याच्या वखारीतल्या बायकांचं ऐकायला कुणी येत नाही. का, तर तिकडे मतं थोडी. एकेक मत मोजलं जातं असं त्यांना एकदा तरी वाटायला हवं ना?"

आइलाने त्याच्याकडे पाहिलं. पावसाचे थेंब त्याच्या पापण्यांवर अडकले होते. आपल्याला हा माणूस आवडतो, हे तिला त्या चढणीवर, दम लागलेला असताना कळलं.

आणि त्याच चढणीवर पुढचंही कळलं.

"बाई निवडून आल्या तर पूर्वेला नवी कचेरी उघडणार आहेत," तो म्हणाला. "मला सांभाळायला सांगितलीय."

"पूर्वेला म्हणजे..."

"पार टोकाला. इथून दिवसभराचा रस्ता. हिवाळ्यात घाट बंद."

"आणि हरल्या तर?"

"तर काय... इथंच. बघीन मासळीच्या कारखान्यात काहीतरी."

म्हणजे बघा कशी गंमत! बाई जिंकल्या तर हा जाणार, हरल्या तर राहणार. आणि पोरगी दर रविवारी पाय दुखेस्तोवर बाईंसाठीच फिरतेय. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा! पण बोलायचं कसं? थांब म्हणावं, तर त्याच्या माळावरच्या बायकांचं काय? जा म्हणावं, तर जीभ रेटत नव्हती. आणि तो? नुसता बघायचा... आणि तिने बघितलं की खिडकीबाहेर बघायचा.

मतपत्रिका टपालाने घरी आल्या, तशी आत्याने रिवाजाप्रमाणे शेजारीपाजारी कॉफीला बोलावले. हिल्माआत्याच्या टेबलाभोवती बसून माहितीपुस्तिका मोठ्याने वाचायची, एकमेकांची अक्कल काढायची आणि मग हाताचा आडोसा करून मत नोंदवायचं, हे तिच्या आईच्या वेळेपासून चालत आलेलं. शेवटी मतपत्रिका आपापल्या नावाच्या पाकिटात घालून त्याच्या पाठीवर सही करायची. सही नाही, तर मत नाही.

टेबल लहान, माणसं फार. आइला आणि मिकेल बाकावर खांद्याला खांदा लावून बसले होते.

"बघू नकोस माझं," ती कुजबुजली.

"मत नाही बघत."

"मग काय बघतोयस?"

"कानाला पीठ लागलंय तुझ्या."

"कुठे?"

"इथे..." आणि त्याने करंगळीने ते पुसलं.

हे एवढंसं पुसणं, पण आइलाच्या कानापासून पायापर्यंत काय काय झालं ते तिचं तिलाच ठाऊक. कुठल्या पाकिटात काय घातलं, कुठे सही केली, दोघांनाही शुद्ध नव्हती. आत्याने सगळी पाकिटं गोळा केली आणि कोपऱ्यावरच्या मतपेटीत टाकून आली.

मोजणी सुरू झाली आणि राज्याने श्वास रोखला. टपालातून पाकिटं येतच होती. कधी बाई पुढे, कधी दुसरा उमेदवार, आणि फरक अगदी केसाएवढा. घरात मात्र वेगळंच वादळ. सकाळी न्याहारीला मिकेल म्हणाला, "बॅग भरून ठेवावी म्हणतो. निकाल कधीही लागेल, तेव्हा..."

"भर की," आइला म्हणाली. "कोण अडवतंय तुला?"

"कुणीच नाही. तेच तर."

"तेच तर काय?"

"काही नाही. पाव दे."

तिने पाव त्याच्यासमोर आदळला. आत्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि तेवढ्यात फोन वाजला. जिल्हा निवडणूक कचेरीतून. तुमच्या घरच्या दोन पाकिटांवरच्या सह्या जुळत नाहीत, तेव्हा दोघांनी येऊन जा.

दोघं गेले. एकाच फुटपाथवरून, पण मध्ये तिसरा माणूस चालू शकेल एवढं अंतर ठेवून.

कचेरीतल्या डेल्फीनबाईंनी चष्म्यावरून दोघांना न्याहाळलं. समोर दोन पाकिटं ठेवली.

"तुमच्या पाकिटावर त्यांची सही, त्यांच्या पाकिटावर तुमची. लग्नाला किती वर्षं झाली?"

"कुणाच्या?" दोघं एकदम म्हणाले.

"तुमच्या."

"आमचं... नाही झालेलं," आइला पुटपुटली.

"काय सांगता!" बाईंनी चष्मा काढला. "अहो, ही चूक नवरा-बायकोच करतात. एका टेबलावर बसायचं आणि पाकीट सोडून भलतीकडे बघत सही ठोकायची. माझा जन्म गेला या कचेरीत. बिनलग्नाचं जोडपं पहिल्यांदाच बघतेय."

आइलाचे गाल तापले. मिकेल छताकडे बघू लागला. बाईंनी दोन फॉर्म पुढे सरकवले. "घोटाळा झाला असं लिहिलंय, खाली सही करा. आज शेवटचा दिवस आहे, केलीत तर मतं धरली जातील."

मिकेलने पेन उचललं. कागदावर टेकवलं. आणि... थांबला.

"हे... उद्या केलं तर चालेल का?" त्याने विचारलं.

आइला त्याच्याकडे बघतच राहिली. एका मतासाठी म्हाताऱ्याची मासळी करपवणारा हा माणूस! आणि उद्या? लख्ख उजेड पडला तिच्या डोक्यात. याला जायचं नाहीये. माझ्यासाठी जायचं नाहीये! काळीज असं उडालं की तिथंच, डेल्फीनबाईंसमोर, त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. आपणही पेन ठेवावं, दोघांनी घरी जावं, दोन मतं गेली तर गेली... कोण विचारतंय?

मोह झालाच तिला. झाला नाही कसं म्हणू? हात फॉर्मवर तसाच राहिला. मग तिला घरी बसलेली मैत्रीण आठवली, आणि तिने झरकन सही केली.

"आता तू कर, मिकेल."

"केली तर—"

"तर तू जाशील. कळतं मला."

"आणि तुला चालेल?"

"मुळीच नाही चालणार!" ती ओरडलीच. "रडून रडून आत्याचं घर डोक्यावर घेईन. पण मला जो आवडला ना, तो त्या म्हाताऱ्याच्या पायरीवर बसलेला माणूस. हा उद्या-उद्या करणारा कोण, मी ओळखत नाही याला."

"काय म्हणालीस? कोण आवडला?"

"ऐकलंस तू. कर सही."

त्याने केली. डेल्फीनबाईंनी ती जुन्या सहीशेजारी धरली आणि मान हलवली. "ही पण जुळत नाही! अहो, हात किती कापतोय तुमचा. दुसरा फॉर्म घ्या."

"आधी हिला एक विचारू द्या," मिकेल म्हणाला. "त्याशिवाय हात थांबायचा नाही." तो तिच्याकडे वळला. "आइला... माझी वाट बघशील?"

"नाही बघणार," ती म्हणाली. त्याचा चेहरा पडला. "वाट बघत बसणारी वाटले का मी तुला? उन्हाळ्यात माझं शिकणं संपतं. मग मीच येईन. तुमच्या त्या कांद्याच्या वखारीत विजेचं काम निघतं की नाही?"

"निघतं," तो म्हणाला. "भरपूर निघतं." आणि मग, डेल्फीनबाई ऐकताहेत याची जराही पर्वा न करता, "मला तू फार आवडतेस. त्या गोदीच्या फाटकापासून."

"अहो, सांगून झालं असेल तर सही," बाई म्हणाल्या. पण चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

या वेळी हात कापला नाही.

बाहेर भुरभुर पाऊस होता. कचेरीच्या पायऱ्यांवर तो थांबला.

"खरं सांग, बाई हराव्यात असं वाटतंय ना तुला?"

"वाटतंय," आइला म्हणाली. "आत्ता, या क्षणी, अगदी मनापासून. तुला?"

"मलाही."

नोरीनबाईंचे सबंध जिल्ह्यातले हे दोन सगळ्यांत खंदे कार्यकर्ते! दोघं खो खो हसत सुटले, आणि हसता हसताच त्याने तिला जवळ ओढून तिचं चुंबन घेतलं. समोरून जाणाऱ्या टपालगाडीने भोंगा वाजवला.

नोरीनबाई मात्र जिंकल्या. थोडक्यात, पण जिंकल्या. घाट बंद व्हायच्या आत मिकेल निघाला. बसमध्ये चढताना तो तिचा हात सोडेचना, शेवटी ड्रायव्हरच खेकसला. त्या दिवशी आइला बोटीच्या तळाशी शिरून पोटभर रडली. दुसऱ्या दिवशी तिची मैत्रीण गोदीत पुन्हा शिकाऊ व्हायचा अर्ज घेऊन आली, तेव्हा आनंदाने सगळ्यांत मोठ्याने ओरडली तीही आइलाच. मग हात पुसून तिने मिकेलला फोन लावला.

"खोली बघितलीस का रे?"

"आजच बघायला चाललोय. लहानशी आहे."

"लहान नको," आइला म्हणाली. "दोघांना पुरेल अशी बघ."