बसलात का सगळे?

चारुलता प्रधान बाईंची गाडी टोचन करून कर्जतहून माझ्या कुंभिवलीच्या गॅरेजात आणली, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. चौसष्ट सालची, राखाडी, वडिलांनी घेतलेली. आईवडील आणि थोरला भाऊ गेल्यावर अकरा वर्षं ती शेडमध्येच उभी होती. बाईंनी मला शाळेत गणित शिकवलेलं. आज चालू झाली तर कळंबच्या घरी न्यायची, नाहीतर चार वाजता भंगारवाल्याचा टेंपो येईल, असं त्यांनी आल्याआल्याच सांगून टाकलं.

मला काळजी नव्हती. अशी कामं मला आवडतात. नवी बॅटरी लावली, ताजं पेट्रोल भरलं. स्टार्टर मारला की इंजिन झकास फिरायचं, फक्त पेट घेत नव्हतं. प्लग काढून बॉडीला टेकवला, तर निळी, टपोरी ठिणगी. कार्बोरेटर धुतला. पॉइंट घासले, टायमिंग जुळवलं, प्लगच्या भोकावर अंगठा धरून दाब पाहिला. सगळं चोख.

तरी पेटेना. दर वेळी प्लग कोरडेच निघत. पेट्रोल आत जात होतं आणि कुठंच पोचत नव्हतं.

तीन वाजून गेले. एव्हाना लक्षात आलं होतं, की स्टार्टर थांबला की मागच्या सीटची स्प्रिंग करकरते, कुणी बसून कंटाळल्यावर चुळबुळ करतं तशी. सीट उचलून पाहिली. खाली उंदीरसुद्धा नव्हता.

मी पुन्हा स्टिअरिंगपाशी बसलो, तशा बाई पुढच्या सीटवर माझ्या शेजारी येऊन बसल्या. आता राहू दे म्हणतील असं वाटलं. त्या जुनं सांगू लागल्या. दर रविवारी चौघं कळंबला जायचे, आणि वडील एक प्रश्न विचारल्याशिवाय किल्लीला हात लावायचे नाहीत.

"काय विचारायचे?"

बाई हसल्या. मागे न बघता म्हणाल्या, "बसलात का सगळे?"

मागचं दार लागल्याचा आवाज आला. दार आधीच लागलेलं होतं.

मी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं.

टेंपोवाल्याला नको म्हणून कळवलं आणि आम्ही निघालो. कर्जत मागे पडलं. दोन्ही बाजूंना भात कापून पडलं होतं, त्याचा वास आत येत होता. बाई काचेवर कोपर टेकवून समाधानानं बाहेर बघत होत्या. चढावर मला दुसरा गिअर टाकावा लागला.

"बाई, गाडी जड वाटतीय."

"वाटणारच रे," त्या शांतपणे म्हणाल्या.

कळंबला अंगणात गाडी थांबवली. बाई कुलूप काढायला गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "रोहिदास, मागचं दार धर जरा."

मी दार उघडून धरलं.

गाडी स्प्रिंगांवर हलकेच वर उठली.

मग पुन्हा.

तिसऱ्या वेळी कुणीतरी उतरताना आधाराला माझं मनगट धरलं. पकड म्हाताऱ्या बाईची होती. बांगड्या गार लागल्या.