वारलूची केबल

अहेरीहून आलापल्लीकडं निघालं की डाव्या हाताला नानाजीचं गॅरेज लागायचं. पत्र्याचं शेड, पुढं मोकळं आवार, आणि आवारात सावलीला म्हणून एक झाड नाही. शेडच्या भिंतीवर खडूनं आकडे लिहिलेले असायचे. गाडी दुरुस्त झाली की नानाजी तिचे किलोमीटर तिथं लिहायचा, पुढच्या खेपेला पुसून नवे लिहायचा. एक आकडा मात्र दोन वर्षं पुसलेला नव्हता. ६१२०८. तो वारलूच्या जीपचा.

वारलू भामरागडच्या रस्त्यावर प्रवासी न्यायचा. त्याच्या जीपमध्ये कॉम्प्युटर होता, आणि तो वाचायची केबलही त्यानंच नागपूरहून आणून नानाजीच्या गळ्यात मारली होती. एक टोक गाडीला लावायचं, दुसरं लॅपटॉपला. माणूस तसा ऐदी. इथून दहा किलोमीटरवर, शिवेच्या देवापाशी, त्या रस्त्याचा प्रत्येक ड्रायव्हर उतरून ढिगावर एक दगड टाकतो. वारलू बसल्या जागी तीनदा ब्रेक दाबायचा, झाला नमस्कार. "देवाले समजते," म्हणायचा.

२००६च्या श्रावणात त्याच्या जीपचा ब्रेकचा दिवा पेटला. पार्ट यायला आठ दिवस होते, आणि लाल दिवा पाहून प्रवासी बिचकतात. नानाजीनं केबल लावली आणि नुसता दिवा मिटवून दिला.

"वापस आला का गाडी सरळ इथीच आन. पार्ट बसवून देतो."

"आनतोच, नानाभाऊ."

त्याच खेपेला प्रवासी पेरमिलीला उतरले, ते वाचले. पुढच्या नाल्याला पूर होता आणि तिथं जीप थांबली नाही. इथून बरोब्बर एक्केचाळीस किलोमीटर. ना जीप सापडली, ना वारलू. आठव्या दिवशी पार्ट आला, तो खोक्यातच राहिला. दिव्याची गोष्ट नानाजीनं कुणाला सांगितली नाही, पण ती त्याला आतून खात होती. केबल त्यानं खिळ्याला टांगली, ती टांगलीच.

आणि आता मार्चच्या एका सकाळी, अकरा वाजून गेल्यावर, त्याचा मुलगा प्रफुल गाडी घेऊन थेट शेडखाली आला. गाडी दुसऱ्याच कंपनीची, कुणाची तरी वापरलेली, पण प्रफुल तिला नवरीसारखा जपायचा. मागच्या सीटवर त्याची बायको हर्षा, सातवा महिना लागलेली, माहेरी पेरमिलीला निघालेली. ब्रेकचा दिवा लाल.

"बाबा, मी चालवून पाह्यलो. ब्रेक बराबर लागते. नुसता दिवा मिटवून द्या."

नानाजीला ते शब्द टोचले. तरी त्यानं केबल काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि स्टिअरिंगखाली लावली. दुसऱ्या गाडीला ती चालेल याची खात्री नव्हती, पण पडद्यावर आकडे आले.

किलोमीटर, ६१२७६. वेग, ४०.

गाडी जागची हलली नव्हती. तिच्या स्वतःच्या मीटरवर लाखाच्या वर किलोमीटर होते.

जुन्या जीपचं काही लॅपटॉपात अडकून राहिलं असेल, नानाजीनं स्वतःला समजावलं. अशा भानगडी त्यानं पाहिल्या होत्या. त्यानं लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. आता आकडा ६१२७९ होता. अडकलेला आकडा पुढं सरकत नाही, एवढं त्याला कळत होतं.

त्याची नजर भिंतीवर गेली. ६१२०८. जाताना एक्केचाळीस. येताना एक्केचाळीस. म्हणजे गॅरेज ६१२९०ला.

पडद्यावर ६१२८० उमटलं आणि वेग उतरला. ब्रेकच्या ओळीत काही तरी हललं. लागला, सुटला. लागला, सुटला. लागला, सुटला. मग वेग पुन्हा चाळीस.

नानाजीनं मनात वजाबाकी केली: दहा किलोमीटर उरले, शिवेचा देव.

"बाबा, मिटवता ना?" प्रफुल घड्याळाकडं पाहत होता.

"नाई."

"काऊन?"

"एकाचा मिटवला होता." दोन वर्षांत पहिल्यांदा ते तोंडातून बाहेर पडलं. "हर्षाले एष्टीनं ने. चाक खोलून पाह्यल्याबिगर ही गाडी इथून हालत नाई."

प्रफुल काही बोलणार होता. हर्षानं सासऱ्याचा चेहरा पाहिला आणि पिशवी घेऊन उतरली. दोघं थांब्याकडं निघाली. एष्टी आली, त्यांना घेऊन धूळ उडवत गेली. नानाजीला हायसं वाटलं.

मग तो पुन्हा लॅपटॉपपाशी बसला. केबल काढावी असं वाटत होतं. हात पुढं होईना.

६१२८८.

रस्ता रिकामा होता.

६१२८९. वेग तीस. वीस.

त्यानं फळीवरून वारलूचा पार्ट काढला, खोक्यावरची धूळ पुसली.

६१२९०. वेग चार. शून्य.

फाटकात वेटोळं करून झोपलेली गॅरेजची कुत्री उठली. गाडी आत येताना उठायची तशीच, आळस देत, आणि बाजूला झाली. जरा वेळानं शेपटी हलवत आवाराच्या मधोमध, जिथं काहीच उभं नव्हतं तिथं, गेली आणि पाय पसरून आडवी झाली.

बाराचं ऊन होतं. कुत्री सावलीत झोपली होती.