साहेबाच्या चित्रातली पंगत

अष्टमीच्या सकाळी वेताळदुर्गाच्या तटावर ऊन चढले, तेव्हा गडाखालची रिकामी शेते तव्यासारखी तापायला लागली होती. पाऊस दोन वर्षे इकडे फिरकला नव्हता. सदरेवर मात्र दसऱ्याच्या पंगतीची धांदल होती, आणि तिचा सारा बेत भिंतीवरच्या एका तसबिरीवरून चालला होता.

विलायती चिताऱ्याने गणपतीच्या आधी गड सोडताना ती सरकारांना नजर केली होती. मांसाची ताटे, लवंडलेले पेले, चांदीच्या ताटात तोंड घालणारा कुत्रा, खुर्चीतच घोरणारा जाडजूड धनी आणि खिडकीबाहेर पदर पसरून उभी असलेली माणसे. ऐश्वर्य म्हणतात ते हेच, असा सदरेचा एकमुखी निवाडा झाला. रंगोजीराव सरकारांनी हुकूम सोडला, दसऱ्याला हुबेहूब अशीच पंगत मांडावी; कुत्र्यालाही चांदीचे ताट. त्यासाठी अंबारखान्यातले उरलेसुरले धान्य निघणार होते.

गडाचा चितारी हैबती जिनगर या साहेबाचे रंग खलून देत असे. जाताना साहेब त्याला हसत म्हणाला होता, "आमच्या मुलखात धनवंतांची लाज काढायला अशी चित्रं काढतात. तुझ्या धन्याला कळतंय का बघ." हैबतीने ते पोटात ठेवले. गडाखाली त्याची बहीण गोदा कोंडा शिजवून दोन लेकरे जगवीत होती. पितृपंधरवड्यात तिचा धाकटा गेला. हैबती उतरून त्याला माती देऊन आला, आणि पुन्हा रंग खलत बसला.

आज सरकारांनी त्याला बोलावले.

"हैबती, खिडकीतली माणसं फिकट आलीत. जरा उजळ कर. पाहुण्यांना आमचे याचकही दिसू देत."

हैबतीने मुजरा केला. "अभय असावं, सरकार. ही तसबीर स्तुतीची नव्हे."

कारभारी आबाजीपंत घाईने म्हणाले, "रंगाच्या वासानं डोकं फिरलंय याचं. जा रे, ताक पी."

"बोलू द्या, पंत. मग कशाची आहे?"

"खाऊन माजलेल्यांना हसायची. कुत्रा जेवतोय नि माणसं बाहेर उभी आहेत, तेच दाखवलंय साहेबानं."

"आणि हा घोरणारा?"

हैबतीने खाली पाहिले, मग वर. "नाक सरकारांचं आहे."

सरकार उठून तसबिरीपाशी गेले. घोरणाऱ्याच्या नाकावर त्यांनी बोट ठेवले.

"आमचं मीठ खाऊन महिनाभर गप्प बसलास?"

"भ्यालो, सरकार."

पंगत रद्द झाली. अंबारखाना उघडला. सरकारांना लाज वाटली खरी, पण ती वाटायला लावणारा माणूस डोळ्यांपुढे नको झाला. हैबतीने दिवस मावळायच्या आत गड सोडावा, असेही फर्मान निघाले.

गावात जोंधळ्याची पोती उतरत होती. लोक हैबतीच्या पाया पडत होते. गोदा जात्यावर बसली होती.

"तूच सांगितलंस म्हणे सरकारांना, दादा."

"होय."

"तुला कधी कळलं?"

खोटे बोलायला तो तोंड उघडणार होता. "साहेब गेला तेव्हाच. गणपतीच्या आधी."

जाते थांबले. गोदाने तेव्हापासून धाकटा गेला तिथवरचे दिवस बोटांवर मोजायला घेतले आणि तिसऱ्या बोटाशीच मूठ मिटली. मग तिने उरलेले दळून घेतले, चूल पेटवली, पहिली भाकरी थोरलीला दिली.

दुसरी तिने हैबतीच्या हातात दिली नाही. त्याच्यापुढे जमिनीवर ठेवली, आणि पाठ फिरवून तिसरी थापायला घेतली.

"जेव," ती म्हणाली. "लांब जायचंय तुला."