देशमुखांच्या मांडीवर

कंदील जरा अलीकडे घ्या. तुम्ही हसाल, हसा. मी आईला लुगडं द्यायला निघालो होतो, एवढंच.

पंचावन्न साल. जमीनजुमला सरकारात गेलेला, देशमुखी उरली होती ती नावापुरती. पण मला त्या नावाचीच हाव. मूर्तिजापुरात जिनिंगमध्ये कापूस तोलणाऱ्या मोतीरामाला लग्नाच्या मांडवात कोण विचारतो? अमरावतीच्या मनकर्णाबाई देशमुख आमच्या लांबच्या भावबंदांतल्या. विधवा, पोटी कुणी नाही, भाड्याच्या दोन खोल्या. ‘माह्या मालकाचं नाव चालव,’ म्हणाल्या. मी एका पायावर तयार. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

दत्तकाच्या दिवशी आईने माझा हात धरला. ‘नको जाऊ, बापू.’ मी तो सोडवून घेतला. मग तिने मनकर्णाबाईंच्या ओंजळीत पाणी सोडलं आणि म्हणाली, ‘दिला.’ मला मांडीवर बसवलं, नाव ठेवलं अमृतराव. आई आणि धाकटा सहदेव दुपारच्या गाडीने परत गेले. मी अमरावतीतच राहिलो.

पंधरा दिवसांनी वाटलं, आईला भेटून यावं. नाव बदललं म्हणून आई थोडीच बदलते. मूर्तिजापुरात उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. घराजवळ आलो तसा उदाचा वास आला, आणि त्याखाली ओल्या मातीचा. पाऊस तर महिनाभर नव्हता.

ओट्यावर सहदेव बसला होता. डोकं भादरलेलं. मला पाहून उभा राहिला.

‘या, देशमुखसाहेब.’

थट्टा करतोय असं वाटलं. ‘काय झालं रे? कोण गेलं?’

‘मोतीराम. आमचा मोठा भाऊ.’

मी म्हणालो, ‘डोकं फिरलं का तुझं? मी...’

‘तुमच्या इथून आमच्यासंगच परत आला ना तो,’ सहदेव हळू बोलत होता. ‘गाडीत माह्या बाजूले बसला. घरी आला, भाकर खाल्ली, निजला... सकाळी उठलाच नाई. मी सोता खांदा देल्ला त्याले.’

आई दारात आली. मला पाहताच तिने पदर डोक्यावर ओढला आणि दोन पावलं मागे सरकली. जन्मभर माझ्यापुढे तिने कधी पदर सावरला नव्हता. फार वाईट वाटलं हो मला.

‘आई, मी मोतीराम. नीट पाय ना माह्याकडे... मी इथंच राहतो. नाई पाहिजे मले ती देशमुखी.’

तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. डोळे भरून आले तिचे.

‘आवाज त्याचाच काढता, साहेब,’ ती म्हणाली. ‘पण लेक गेलेल्या बाईच्या दारात असं करू नये.’

लुगडं मी उंबऱ्यावर ठेवलं. तिने त्याला हात लावला नाही.

तेवढ्यात आतल्या अंधाऱ्या खोलीत खाट करकरली. कुणीतरी कूस बदलली. सहदेव तर माझ्यासमोर उभा, घरात तिसरं माणूस नाही. आईने मागे वळून पाहिलं, आणि लहान लेकराशी बोलावं तशी हळूच म्हणाली, ‘नीज, बापू. देशमुखसाहेब हायेत. जातीन आता.’

आतून उत्तर आलं. माझ्याच आवाजात, पण फार थकलेल्या.

‘आई... त्याले आत घेऊ नको.’

आईने दार लोटलं आणि आतून कडी घातली.